घुटना अंदर नक्को

भाचीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी तीन आठवडे हैदराबादला होतो. तिला रोज सकाळी गच्चीबावलीजवळच्या एका फिजिओ केंद्रात नेणं, एवढंच माझं काम. बॅडमिंटन खेळताना उडी मारून ती एका पायावर उतरली, गुडघा आत वळला आणि एसीएल हे गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं.

पहिल्या दिवशी फिजिओ मॅडमनी तिच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. म्हणाल्या, ‘‘दबाओ अम्मा.’’ सतरा वर्षांची पोर दात-ओठ खात होती, पण मांडी हलेना. गुडघ्याला सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूचा हुकूम नीट पोचत नाही. मॅडमनी तिचीच बोटं वाटीच्या वर ठेवली. चौथ्या दिवशी त्या बोटांखाली काहीतरी थरथरलं. ‘‘मामा, हललं!’’ ती ओरडली. मला वाटतं, तिच्या कुठल्याही चषकापेक्षा मला तो क्षण जास्त आठवेल.

आठवड्यातून एकदा मापपट्टी निघे. वाटीपासून दहा सेंटिमीटर वर पेनाने खूण करायची आणि दोन्ही मांड्यांचा घेर मोजायचा. दुखरी मांडी अडीच सेंटिमीटर बारीक भरली.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला ट्रेनरचं राज्य. तिथे सात महिन्यांपूर्वी हीच शस्त्रक्रिया झालेला एक कबड्डीपटू लाकडी खोक्यावरून उड्या मारत होता. ट्रेनर समोर उकिडवा बसून फक्त त्याचे गुडघे बघायचा आणि ओरडायचा, ‘‘घुटना अंदर नक्को!’’ दखनीतलं हे ‘नक्को’ आपल्या ‘नको’चंच भावंड, परक्या गावात ते ऐकून बरं वाटायचं. त्या मुलाला वेदना अजिबात नव्हत्या आणि खरी भीती तिथेच असते. नवं लिगामेंट स्वतःच्याच शरीरातल्या स्नायूबंधाचं केलेलं असतं. ते गुडघ्यात रुजून पक्कं व्हायला महिनोन्‌महिने लागतात. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं.

मग मुलाला लवकर खेळू द्या म्हणताना पालक बॅडमिंटनपटू सायना नेहवालचं उदाहरण देतात. ऑगस्ट २०१६मध्ये मुंबईत तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारी २०१७मध्ये तिने मलेशियात विजेतेपद मिळवलं. पण तिची दुखापत वेगळी होती. दाखला द्यायचाच तर याच गच्चीबावलीत अकादमी उभारणाऱ्या पुल्लेला गोपीचंद यांचा द्यावा. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्यावर काही वर्षांनी, २००१मध्ये, त्यांनी ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकली.

मैदानावर परतायची परवानगी मॅडम तारीख बघून देत नाहीत. एका पायावर लंगडीच्या तीन उड्या मारायच्या आणि अंतर मोजायचं. दुखऱ्या पायाचं अंतर चांगल्या पायाच्या नव्वद टक्के तरी हवं, मांडीची ताकदही तेवढीच. आणि एवढं जमलं तरी नऊ महिन्यांच्या आत सामना नाही, कारण त्याआधी उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो.

घरात खेळणारं मूल असेल आणि अशी वेळ आलीच, तर सर्जनची तारीख घेतानाच पुढच्या नऊ महिन्यांचा फिजिओही ठरवून ठेवा.