कंपनीचा वूफर बदला, पण गाडी न कापता

मोटारगाडी घेणारा ग्राहक आता इंजिन आणि मायलेज यांच्याबरोबर आतील म्युझिक सिस्टीमही पाहतो. पूर्वी कोरी गाडी शोरूममधून निघाली की टेप आणि स्पीकर बसवायला थेट दुकानात येत असे. आता वरच्या मॉडेलमध्ये स्क्रीन, स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि डिकीत सबवूफर हे सर्व कंपनीच बसवून देते. तरीही काही महिन्यांत तोच ग्राहक दुकानात येतो आणि म्हणतो, "आवाज स्वच्छ आहे, पण खर्जात दम नाही."

त्याचे म्हणणे खरे असते. कंपनी वजन, जागा आणि खर्च या तिन्हींत काटकसर करते. डबा लहान, चुंबक हलके आणि ॲम्प्लिफायर बेताचा असतो. शिवाय पुष्कळ गाड्यांत आवाज वाढवला की वूफर फाटू नये म्हणून सिस्टीम स्वतःच खर्ज कमी करते. ही तक्रार दूर करण्यात मोटार-वायरिंग करणारा, डबे बनवणारा सुतार आणि सीट कव्हरवाला या तिघांनाही काम आहे. आपले अनेक बांधव याच धंद्यात आहेत, म्हणून हे काम कसे करावे याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

या कामाचा नियम एकच आहे. जे बसवले ते पाना आणि पेचकसाने तासाभरात निघाले पाहिजे, आणि निघाल्यावर गाडी कंपनीतून आली तशीच दिसली पाहिजे.

न कापता काम कशासाठी?

पहिले कारण वॉरंटी. बाहेरच्या वस्तू बसवल्याने झालेला बिघाड वॉरंटीत धरला जात नाही, असे गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत सहसा लिहिलेले असते. कापलेली वायर आणि तिच्यावरची काळी टेप दिसली, की वर्कशॉपला बोट ठेवायला जागा मिळते. मग बिघाड दुसरीकडचा असला तरी ग्राहकालाच भांडत बसावे लागते.

दुसरे कारण फेरविक्री. जुनी गाडी घेणारा डिकीचा पत्रा उचलून पाहतो. भोके आणि जोडलेल्या वायरी दिसल्या की तो भाव पाडतो. आपण घातलेला वूफर मात्र त्याच्या हिशेबी शून्य किमतीचा असतो. न कापता बसवलेला वूफर मालक काढून दुसऱ्या गाडीत नेऊ शकतो.

तिसरे कारण आग. गाडीतील बॅटरी १२ व्होल्टची असली तरी तिच्यातून शॉर्ट सर्किटमध्ये शेकडो अँपिअर वाहू शकतात. फ्यूज नसलेली एक वायर पत्र्याला घासली, तरी गाडी पेटायला पुरेसे आहे. ग्राहक आपली गाडी, म्हणजे बहुधा घराखालोखाल सर्वांत महागडी वस्तू, अमानत म्हणून आपल्या हाती सोडून जातो, हे विसरू नये.

आधी आहे ते तपासा

काहीही विकण्यापूर्वी कंपनीचा वूफर चालतो का, हे पाहावे. सेटिंगमध्ये खर्ज कमी केलेला असू शकतो. वूफरची वायर उलटी जोडली गेली असेल, तर त्याचा आणि दारातील स्पीकरचा खर्ज एकमेकांना मारतो. ते तपासायला वूफर काढून, कपलर सोडवून, १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावावा. सेलचा धन वूफरच्या धनाला लागला की कागद बाहेर यायला हवा. आत गेला तर खुणा उलट्या आहेत.

नंबर प्लेट आणि डिकीचे प्लास्टिक वाजत असेल, तर त्या खडखडाटातही खर्ज हरवतो. तेथे नमद्याची पट्टी लावावी. काळे डांबरी शीट चिकटवले तर ते नंतर निघता निघत नाही. नमदा मात्र सोलून काढता येतो. कित्येकदा एवढ्यावरच ग्राहक समाधानी होतो आणि कायमचा जोडला जातो.

मोठा वूफर म्हणजे मोठा आवाज नव्हे

समज असा आहे की जड चुंबकाचा महागडा वूफर कंपनीच्या जागी घातला की काम झाले. पण पुष्कळदा आवाज पूर्वीपेक्षा कमी होतो. कारणे दोन आहेत.

पहिले कारण ओहम. कंपनीचे वूफर पुष्कळदा २ ओहमचे किंवा त्याहूनही कमी असतात. त्यांच्या जागी बाजारातला ४ ओहमचा वूफर लावला, की त्याच ॲम्प्लिफायरमधून साधारण निम्मीच शक्ती मिळते. उलट ४ ओहमच्या जागी २ ओहमचा लावला तर ॲम्प्लिफायर तापतो आणि जळूही शकतो. म्हणून आधी मल्टिमीटरने मोजावे. मीटरचा आकडा लेबलपेक्षा थोडा कमी येतो. ४ ओहमचा वूफर मीटरवर साधारण साडेतीन दाखवतो, २ ओहमचा पावणेदोनच्या आसपास. दोन कॉइलचा वूफर असेल तर प्रत्येकी ४ ओहमच्या कॉइल समांतर जोडल्यास २ ओहम आणि एकापुढे एक जोडल्यास ८ ओहम होतात.

दुसरे कारण सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीत वूफर किती डेसिबल आवाज देतो तो आकडा. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट शक्ती लागते. जुना वूफर ९० डेसिबलचा आणि नवा ८४ चा असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी चौपट शक्ती हवी. ती कंपनीचा ॲम्प्लिफायर कोठून आणणार? म्हणून ॲम्प्लिफायर तोच ठेवायचा असेल, तर तितक्याच ओहमचा, हलक्या कागदाचा आणि जास्त सेन्सिटिव्हिटीचा वूफर निवडावा. जड वूफर वेगळ्या ॲम्प्लिफायरसाठी ठेवावा.

रिंग, डबा आणि कापड

नव्या वूफरची भोके कंपनीच्या भोकांशी जुळत नाहीत. तेथे बाजूच्या प्लास्टिकमध्ये नवे स्क्रू मारू नयेत. सुताराकडून १२ किंवा १८ मिलिमीटर जाडीची रिंग करून घ्यावी. रिंग कंपनीच्या जुन्या भोकांत बसते, आणि नवा वूफर रिंगवर. गाडीला एकही नवे भोक पडत नाही. एमडीएफ ओलाव्याने फुगते, म्हणून कोकणात आणि मुंबईत चांगला मरीन प्लाय बरा. आधी पुठ्ठ्यावर माप घ्यावे, आणि वूफरच्या मागे बोटभर व पुढे जाळीखाली कागद हलण्याइतकी जागा आहे का, ते पाहावे. रिंगखाली फोमची पट्टी लावावी, नाहीतर हवा गळते आणि खर्ज जातो.

डब्यातील हवेचे माप वूफरच्या कागदपत्रात लिटरमध्ये दिलेले असते. चौकोनी डब्याची आतली लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणावी आणि १,००० ने भागावे, लिटर मिळतात. कंपनीचा प्लास्टिकचा डबा वाकडातिकडा असेल तर त्यात थर्माकोलचे दाणे भरून ते लिटरच्या मापाने मोजावेत. डबा थोडा लहान पडत असल्यास उशी-रजईत भरतात तो पॉलिएस्टर फायबर पिंजून आत सैल भरावा. वूफरला डबा काहीसा मोठा भासतो. कापूस भरू नये, तो ओलावा धरतो आणि बसून गोळा होतो.

जाळीवरच्या कापडाबाबतही सांगितले पाहिजे. दिसायला सुंदर म्हणून रेक्झिन किंवा दाट विणीचे कापड लावले जाते आणि आवाज कोंडतो. कापड तोंडाजवळ धरून फुंकर मारावी. हवा सहज पार गेली तरच ते जाळीचे कापड. ताणले तरी सैल न पडणारे पॉलिएस्टरचे विणकाम यासाठी उत्तम.

वेगळा ॲम्प्लिफायर बसवताना

येथेच सर्वाधिक गाड्या बिघडतात. आवाजाचा सिग्नल घेण्यासाठी कारागीर कंपनीची वायर सोलतो किंवा टेस्टरची सुई आत खुपसतो. त्याऐवजी मधली वायरिंग वापरावी, बाजारात तिला टी-हार्नेस म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांना कंपनीच्याच मापाचे कपलर असतात. ती मध्ये अडकवायची, सिग्नल घ्यायचा आणि काढताना फक्त कपलर सोडवायचे. आपल्या भागात चालणाऱ्या चार-पाच गाड्यांचे कपलर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून आणून ठेवले, तर अशी वायरिंग दुकानातच तयार होते.

नव्या गाड्यांत स्क्रीनपासून ॲम्प्लिफायरपर्यंत सिग्नल पुष्कळदा डिजिटल असतो, तो सामान्य ॲम्प्लिफायरला कळत नाही. तेथे कंपनीच्या ॲम्प्लिफायरनंतर, वूफरच्या कपलरवरूनच सिग्नल घ्यावा. त्यासाठी नव्या ॲम्प्लिफायरला हाय-लेव्हल इनपुट हवे. स्पीकरची कोणतीही वायर बॉडीला टेकवू नये, कंपनीचा ॲम्प्लिफायर जाईल. काही गाड्यांत जुना वूफर काढला की सिस्टीम बिघाड समजून आवाज बंद करते. तेथे त्याच्या जागी योग्य ओहम आणि वॉटचा रेझिस्टर द्यावा.

बॅटरीपासून येणारी वायर इंजिनामागच्या पत्र्यात भोक पाडून आणू नये. तेथे कंपनीचे रबरी ग्रोमेट असते, त्यातूनच न्यावी. अर्थिंगसाठी रंग खरवडण्याऐवजी कंपनीचा तयार अर्थिंगचा बोल्ट वापरावा. बॅटरीच्या ऋण टोकावर सेन्सर असलेल्या गाडीत थेट त्या टोकाला वायर लावू नये. सेन्सर चुकवला जातो आणि गाडीचा चार्जिंगचा हिशेब बिघडतो.

वॉटचा हिशेब

डब्यावर २,००० वॉट छापलेले असते. त्यावर जाऊ नका. व्यापाऱ्याने लेबल नव्हे, माल पाहावा. येथे माल म्हणजे फ्यूज. इंजिन चालू असताना साधारण १३.८ व्होल्ट असतात. ॲम्प्लिफायरवर ३० अँपिअरचा फ्यूज असेल, तर तो फार तर ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॉट ओढेल. क्लास-डी ॲम्प्लिफायर त्यातील ८० टक्के बाहेर देतो असे धरले, तर खरी शक्ती ३३० वॉटच्या आसपास. छापलेल्या आकड्यांत फक्त आरएमएस वॉट विचारात घ्यावेत.

याच हिशेबाने वायर ठरते. ३०० वॉट आरएमएससाठी सुमारे २७ अँपिअर लागतात. तेथे ८ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ३० अँपिअरचा फ्यूज योग्य. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. चाकूने खरवडले की पांढरी दिसते. तिच्यातून वीज कमी वाहते, म्हणून ती वापरायचीच असल्यास जाड घ्यावी. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असावा. तो ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी नसून वायरला वाचवण्यासाठी असतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा ॲम्प्लिफायर कधीही चालवू नये.

काम संपल्यावर गाडी बंद करून, अर्ध्या तासाने मल्टिमीटर बॅटरीच्या ऋण वायरीत जोडून पाहावा. साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज जात असेल, तर ॲम्प्लिफायर झोपलेला नाही आणि काही दिवसांत बॅटरी उतरणार.

सीटखाली आणि डिकीत

ज्याला कंपनीच्या वूफरला हातच लावायचा नाही, त्याच्यासाठी सीटखाली बसणारा, आतच ॲम्प्लिफायर असलेला वूफर सोयीचा. पण सीटखाली पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे समजावे आणि सोडवू नये. काही हायब्रिड गाड्यांत सीटखाली लिथियम बॅटरीही असते, तेथे हा विचार सोडून द्यावा. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलच्या आसपास हात घालू नये. आपले काम फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीपुरते.

डिकीत वेगळा डबा ठेवायचा तर तळाला स्क्रू मारू नये. खाली पेट्रोलची टाकी आणि नळ्या असतात. सामान बांधायला कंपनीने दिलेल्या कड्यांना पट्ट्याने डबा आवळावा. मोकळा ठेवू नये, कारण ब्रेक लागला की तोच डबा मागच्या सीटवर धडकतो. सीएनजीची टाकी असल्यास तिचा व्हॉल्व्ह आणि नळी मोकळी राहिली पाहिजे.

पिशवी आणि बिल

हे काम करणाऱ्या दुकानाने दोन सवयी लावून घ्याव्यात. एक, कामाआधी फोटो काढावेत आणि काढलेला प्रत्येक भाग, स्क्रूसह, गाडीच्या नंबरची चिठ्ठी लावून पिशवीत ग्राहकाच्या हवाली करावा. दोन, बिलावर वूफरचे ओहम, वायरीचे माप आणि फ्यूजचा आकडा लिहून खाली स्पष्ट नोंद करावी: कंपनीची एकही वायर कापलेली नाही.

असे काम करायला वेळ जास्त लागतो, म्हणून मजुरीही जास्त घ्यावी आणि का घेतली ते ग्राहकाला समजावून सांगावे. शेजारचा अर्ध्या पैशात वायर कापून देतो, असे ग्राहक म्हणेल. त्याला गाडी विकताना काय होईल एवढेच विचारावे. भाव पाडणारा कारागीर प्रत्येक बाजारात असतो. पण बिलावरच्या त्या एका ओळीवर जो ग्राहक येतो, तो पुढच्या गाडीचे कामही त्याच दुकानात घेऊन येतो.