आपला आहार : ताटातली डाळ कुठे गेली?



आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र लागते. ते एकदम टाकायचे नाही, लागणीला थोडे, पुढे सहा-आठ आठवड्यांनी, मग बारा-सोळा आठवड्यांनी आणि शेवटचा मोठा हप्ता मोठ्या बांधणीला, हे आपल्या कोणत्याही सभासदाला झोपेतून उठवून विचारले तरी तो सांगेल. पण घरातल्या माणसाला रोज किती नत्र लागते, असे विचारले तर काय उत्तर येईल? बहुतेक जण हसतील आणि म्हणतील, माणसाला कुठे युरिया लागतो!

युरिया लागत नाही, पण नत्र लागते. माणसाच्या शरीराला ते फक्त एकाच वाटेने मिळते आणि ती वाट म्हणजे प्रथिने. प्रथिनाच्या वजनात सुमारे १६ टक्के नत्र असते. (गायी-म्हशींचे वेगळे. त्यांच्या पोटातले जंतू थोड्याफार युरियापासूनही प्रथिन बनवतात, म्हणून युरिया प्रक्रिया केलेला चारा त्यांना चालतो. आपल्याला ती सोय नाही.) हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या प्रमाणाप्रमाणे ६५ किलो वजनाच्या पुरुषाला रोज ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने हवीत. अंगातले स्नायू, रक्त, कातडी, केस, अन्न पचवणारे रस, रोगजंतूंशी झुंजणारी द्रव्ये ही सगळी प्रथिनांचीच घडण. आणि चरबीसारखी याची ठेव शरीरात ठेवता येत नाही. सणाला भरपूर खाल्ले आणि मग महिनाभर चालवले, असे होत नाही. रोजचे रोज यावे लागते.

आता हे मिळते कशातून? शंभर ग्रॅम ज्वारीत दहाएक ग्रॅम, गहू-बाजरीत अकराच्या आसपास, तांदळात आठ. तुरीची, हरभऱ्याची डाळ, हुलगा यांत २२. शेंगदाण्यात चोवीसच्या घरात. सोयाबीन सगळ्यांत वरचढ, छत्तीसच्या पुढे. एका अंड्यात सहा, आणि गायीच्या पेलाभर दुधात सहा-सात, म्हशीच्या दुधात थोडे जास्त. साखरेत शून्य आणि गुळात नावापुरते. कारखान्याच्याच अंकात हे लिहिताना जरा अवघड वाटते, पण खरे ते खरे. साखर ही ताकद देते, अंग बांधत नाही.

नुसती बेरीज करूनही भागत नाही. प्रथिन हे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांनी बनते. त्यातली नऊ शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. नवातले एक जरी कमी पडले तरी काम त्याच मापाने चालते. आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. मिल पाच हजार टनांची असली पण पॅनची ताकद तीन हजारांचीच असली, तर साखर तीन हजारांच्याच हिशेबाने निघणार. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ यांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते. तेवढ्यावर अडते, आणि उरलेली चांगली अमिनो आम्ले शरीर बगॅससारखी जळणाला वापरून टाकते. डाळीत नेमके हे लायसिन भरपूर असते. डाळीत जे कमी ते धान्यात असते. भाकरीवर पिठले, ज्वारीच्या कण्यांबरोबर आमटी, बाजरीबरोबर मटकीची उसळ, या जोड्या आपल्या आज्या-पणज्यांनी कोणत्या प्रयोगशाळेत काढल्या कोण जाणे, पण काढल्या त्या पक्क्या.

या विषयावर एके काळी जगात मोठा वाद झाला आणि त्यात आपल्या भागातला एक माणूस होता, म्हणून ती हकीकत सांगितली पाहिजे. १९३० च्या दशकात डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, अंगावर सूज येऊन खंगणाऱ्या मुलांचा आजार नोंदवला. दुसरे मूल झाल्यावर अंगावरच्या दुधाला मुकलेल्या मुलाचे दुखणे, असा त्याच्या तिथल्या नावाचा अर्थ. आपण त्याला सुजवटी म्हणतो. त्यावरून जगभर प्रथिनांच्या कमतरतेची भीती पसरली, ती इतकी, की १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका समितीने प्रथिनांचे संकट जगावर येऊ घातल्याचा अहवालच काढला. मग माशांचे पीठ, दुधाची भुकटी, कारखान्यात बनवलेले प्रथिन, अशा योजना निघाल्या.

त्या वेळी डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे उभे राहिले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस, जगातला नावाजलेला संख्याशास्त्रज्ञ, रोमच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचा संचालक. त्यांनी आकडे मांडून सांगितले, की गरिबाला वेगळे प्रथिन नको आहे, त्याला पोटभर जेवण हवे आहे. रोजचे धान्य-डाळीचे जेवण पोटभर मिळाले तर त्यातच पुरेसे प्रथिन येते. पोट अर्धे राहिले तर खाल्लेले प्रथिनसुद्धा शरीर जळण म्हणून जाळते. राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. गोपालन यांचेही काम त्याच दिशेचे होते. पुढे १९७४ साली लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात डॉ. मॅक्लारेन यांनी प्रथिनांच्या त्या मोहिमेला सरळ फसगत म्हटले.

सुखात्म्यांचे बरोबरच होते. पण त्यांच्या हिशेबातल्या ताटात धान्याबरोबर डाळ होती, हे आपण विसरू नये. त्यानंतरच्या अभ्यासात लायसिनची गरज पूर्वी मानली होती त्यापेक्षा बरीच जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांच्या २००७ च्या अहवालात ती १९८५ च्या आकड्याच्या दुपटीहून अधिक धरली आहे. म्हणजे पोटभर खा, हे खरेच, पण नुसत्या भाकरीने किंवा नुसत्या भाताने पोट भरले तर हिशेब जुळत नाही.

आणि आपल्या ऊस पट्ट्यात गेलेली गोष्ट नेमकी डाळच आहे.

पूर्वी ज्वारीत चार ओळींआड तूर असायची. बाजरीत मटकी, हुलगा. रब्बीला काळ्या रानात हरभरा. विकायला फार नसायचे, पण कणगीत असायचे, आणि घरचे असले की कोणी मोजून शिजवत नाही. पाटाचे पाणी आले, विहिरीवर मोटारी बसल्या, उपसा योजना झाल्या आणि बांधापासून बांधापर्यंत ऊस झाला. त्यात वाईट काही नाही. उसाने घरे बांधली, पोरे शिकवली. मात्र डाळ दुकानातून यायला लागली, आणि विकत आणलेली वस्तू हात आखडूनच वापरली जाते. आज आपल्या कित्येक घरांत आमटीत डाळ शोधावी लागते. वर तर्री झकास, चव झकास, खाली डाळ मूठभर.

दुधाचेही तेच. पहाटे धार काढली की किटली डेअरीवर. म्हशीच्या एका लिटरमध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिन जाते आणि घरी चहापुरते राहते.

याचा भार कोणावर पडतो? घरात सगळ्यांत शेवटी जेवायला बसते तिच्यावर. पुरुष रानातून येतो, त्याला पहिली पंगत, पोरांना दुसरी, म्हाताऱ्यांना हातात नेऊन द्यायचे, आणि मग बाई पातेल्यात उरलेला रस्सा भाकरीवर ओतून घेते. अडीचशे ग्रॅम पिठाच्या भाकरी तिने खाल्ल्या तर २५ ग्रॅम प्रथिन झाले. त्या रश्श्यातली डाळ २० ग्रॅम धरली तर आणखी चार-साडेचार, चहातल्या दुधाचे दोन-तीन. बत्तीसच्या वर आकडा जात नाही. तिची साधी गरज ४६ ची. ती गरोदर असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत ६८ ची, आणि बाळ अंगावर पीत असताना पहिले सहा महिने ६३ ची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने ठेंगणी आढळली. त्याला जुलाब, अस्वच्छ पाणी अशीही कारणे आहेत, एकट्या प्रथिनाचा दोष नाही. पण आईच्या ताटापासून सुरुवात होते, एवढे नक्की.

लहान मुलांबाबत एक गोष्ट घरातल्या बायकांना मुद्दाम वाचून दाखवा. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचे अन्न सुरू करताना वरणाचे पाणी पाजायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या पाण्यात प्रथिन फारसे नसते, ते खाली बसलेल्या डाळीत असते. डाळ चांगली शिजवून, घोटून, भाताबरोबर तूप घालून भरवावी. म्हाताऱ्या माणसांचेही असेच होते. दात नाहीत म्हणून दूध-भाकरी आणि चहा-खारीवर वेळ भागवली जाते. वय झाले की मांस झडते, म्हणून त्यांना प्रथिन कमी नको. हुलग्याचे माडगे, पातळ पिठले, मऊ मुगाची खिचडी त्यांना चांगली. मूत्रपिंडाचे दुखणे असेल त्याने मात्र किती खायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

फडात तोडीला आलेल्या कोयत्यांची जेवणे कधी पाहिली आहेत का? भाकरी, ठेचा, नशीब असले तर बेसन. टोळीतली पोरेही त्यावरच. अंगमेहनत आपल्या दुप्पट. आपल्या प्लॉटमध्ये तोड असेल तेव्हा घरची पायलीभर मटकी किंवा शेंगा टोळीला दिल्या, तर कोणाचा प्रपंच बुडत नाही.

तालमीत जाणारी पोरे हल्ली हजारो रुपयांचे पावडरचे डबे आणतात. त्यातली बहुतेक पावडर ही चीज करताना उरणाऱ्या दुधाच्या निवळीची असते. म्हणजे दूध आपण घालायचे आणि त्याची निवळी वाळवून भारी भावाने परत घ्यायची! राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी अशी पावडर घेणे टाळा, असेच सांगितले आहे. मूठभर शेंगदाणे, मोडाची मटकी, दोन अंडी, माळकरी असेल तर ताजे दही, यावर पैलवान होतो. सोयाबीन खायचे तर पुरते शिजवून किंवा भाजून, कच्चे नाही. बुरशी लागलेला शेंगदाणा निवडून टाकून द्यावा, तो बाधतो.

त्याच मार्गदर्शनात शाकाहारी माणसाला रोज ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य सुचवले आहे. पाच माणसांच्या घराला वर्षाचे सुमारे दीड क्विंटल झाले. एवढे विकत घ्यायचे तर हात आखडणारच. म्हणून ते रानातच यावे, आणि त्यासाठी ऊस काढून टाकायची गरज नाही. जोडओळ किंवा पट्टा पद्धतीने लागण केली तर मधल्या जागेत आंतरपीक बसते. पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरची, तिच्यात हरभरा उत्तम. आडसालीत चवळी, भुईमूग, सोयाबीन. सुरूला मूग किंवा उन्हाळी भुईमूग. तूर उंच आणि लांब मुदतीची, ती उसात घेऊ नये, बांधावर लावावी. द्विदल पिकाच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरतात, त्याचा पाला सरीत गाडला तर उसालाही उपयोग होतो.

बियाण्याला पेरणीपूर्वी रायझोबियम चोळावे. पीक मोठ्या बांधणीच्या आत निघाले पाहिजे, म्हणून लवकर येणारा वाण निवडावा. आंतरपीक असलेल्या प्लॉटमध्ये टू-फोर-डी हे तणनाशक चुकूनही मारू नये, तणाबरोबर हरभराही जळून जातो. शेजारच्या प्लॉटमध्ये फवारणी चालली असेल तर वाऱ्याची दिशा पाहून आधी शेजाऱ्याला सांगून ठेवावे. आणि खळे झाल्यावर बाजाराची पोती भरण्याआधी घरचे दीड क्विंटल वेगळे काढून, उन्हात कडक वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवावे.