वेळेवरचे मरण

१९९१ चा सप्टेंबर. तिरोडा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा व्हायला अजून आठ वर्षे होती. तिथल्या एका बँकेत मी शेतीकर्जाचे काम पाहत होतो आणि धुऱ्यावर उभे राहून सल्ले देण्याची मला खोड होती. एका बांधीत धानाच्या पानांच्या कडा टोकापासून पिवळ्या पडत चालल्या होत्या. ‘‘धान पिवळा पडून राह्यला जी साहेब,’’ शेतकरी म्हणाला. ‘‘युरिया द्या,’’ मी बेधडक सांगितले. वर खतासाठी कर्जाचा आणखी एक हप्ता मंजूर केला.

पंधरा दिवसांनी ती बांधी तणसासारखी वाळलेली होती. कृषी सहायकाने रोगट पान कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरले. कापलेल्या कडेतून दुधाळ धार खाली उतरली. ‘‘साहेब, हे जिवाणू. कडा करपा. नत्र जास्त झालं की हा जास्तच फोफावतो.’’ शेतकरी काहीच बोलला नाही.

त्या ग्लासाने मला पुढे बरेच वाचायला लावले. भारतात हा रोग प्रथम दिसला तो १९५१ मध्ये, आपल्या महाराष्ट्रातच. १९६३ मध्ये बिहारात त्याची मोठी साथ आली. ‘झँथोमोनास ओरायझी’ हा जिवाणू पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून किंवा जखमेतून आत शिरतो, पाणी वाहणाऱ्या नलिकांत वाढतो आणि पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरे सोडतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. फुटलेल्या भिंतीचे तुकडेच पेशीला धोक्याची वर्दी देतात. पेशी भिंत जाड करते आणि तेवढ्याने भागले नाही तर ठरलेल्या क्रमाने स्वतःला संपवते, शेजारणी वाचाव्यात म्हणून. गव्हावरच्या तांबेऱ्याचे अभ्यासक स्टॅकमन यांनी १९१५ मध्ये या झटपट मरणाला ‘अतिसंवेदनशीलता’ म्हटले. १९९२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी जिवाणूतून वेगळे काढलेले ‘हार्पिन’ हे एकच प्रथिन तंबाखूच्या पानात टोचले. जिवाणू नसतानाही तेवढा भाग मेला.

मग धान का हरतो? हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत रमेश सोंटी आणि सहकाऱ्यांनी त्याचा शोध घेतला. जिवाणूची विकरे भाताच्या पेशींत मरणाची तयारी जागी करतात. पण तोच जिवाणू सुईसारख्या यंत्रणेतून दुसरी प्रथिने आत सोडून ती तयारी दडपतो. पेशी वेळेवर मरत नाही, म्हणून सगळे पान वाळते.

याच संस्थेने हैदराबादच्याच भात संशोधन संचालनालयाबरोबर तीन प्रतिकारक जनुके असलेला ‘सुधारित सांबा मसूरी’ वाण तयार केला. तो २००८ मध्ये प्रसारित झाला.

बँकेतही असेच असते. बुडालेले खाते वेळेवर बुडीत म्हटले तर बाकीचे सावरते. आमच्या शाखेने ते म्हटले नाही. त्या शेतकऱ्याचे कर्ज तीन वर्षे कागदोपत्री नवे-जुने होत राहिले आणि त्या कागदांवर सह्या माझ्या होत्या. युरियाचा सल्ला माझा होता. त्याचे व्याज मात्र त्याने भरले.