मूळ आवाज आणि उसना आवाज

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वसतिगृहातून कपिलधारला घरी निघाले, तेव्हा एका मैत्रिणीने हातात एक डीव्हीडी ठेवली. हायाओ मियाझाकी या दिग्दर्शकाचा 'स्पिरिटेड अवे' हा २००१ सालचा जपानी चित्रपट. २००३ साली त्याला उत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. तबकडी देताना मैत्रिणीने बजावले, "जपानीतच बघ बरं का! डब केलेलं बघण्यात काही अर्थ नाही." मी मान डोलावली. मांजरसुंब्याला एस. टी.तून उतरेपर्यंत माझ्या लक्षात आले नाही, की घरी हा चित्रपट मी एकटी पाहणार नाही. शेजारी आई असेल, आणि आईला वाचता येत नाही.

जपानी ॲनिमेशनला 'ॲनिमे' म्हणतात, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ते मूळ जपानी आवाजात, खालची अक्षरे वाचत पाहावे, की आपल्याला कळणाऱ्या भाषेत डब केलेले पाहावे, हा चाहत्यांमधला जुना वाद. आमच्या वसतिगृहातही तो रात्रीच्या जेवणानंतर रंगतो. मूळ पाहणारे ते जाणकार आणि डब पाहणारे ते अडाणी, अशी वाटणी तिथे होऊन गेली आहे. ही वाटणी कितपत खरी आहे, ते तपासून पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

हा वाद वाढवला तो व्हिडिओ कॅसेटने. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस कॅसेट बाजारात आणली. एका कॅसेटवर साधारणपणे एकाच भाषेची सोय असे. त्यामुळे अमेरिकेत डब केलेली कॅसेट वेगळी आणि सबटायटलची वेगळी विकली जाई. सबटायटलची बहुधा महाग असे. गिऱ्हाईकाला एक बाजू निवडावीच लागे. १९९६ साली जपानमध्ये डीव्हीडी आली. तिच्यावर आठपर्यंत ध्वनिपट्ट्या आणि बत्तीसपर्यंत सबटायटल ठेवण्याची सोय आहे. रिमोटचे एक बटण दाबले की भाषा बदलते. भांडण खरे म्हणजे तिथेच मिटायला हवे होते. पण सवय सुटली नाही. शिवाय काही तबकड्यांवरची सबटायटल मूळ जपानीवरून केलेली नसतात. डब केलेले इंग्रजी संवादच खाली छापून दिलेले असतात. म्हणजे कान मूळ ऐकत असतात, पण डोळे उसनेच वाचत असतात!

आता 'मूळ' म्हणजे तरी काय? जपानमध्ये बहुतेक वेळा चित्रे आधी तयार होतात आणि नट-नट्या ती पडद्यावर पाहत मागाहून संवाद बोलतात. १ जानेवारी १९६३ रोजी 'अॅस्ट्रो बॉय' ही मालिका तिथल्या दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्याला भाग द्यायचा म्हणून कमीत कमी चित्रांत काम भागवण्याची रीत तिच्यापासून रुळली. ओठ मिटलेले, अर्धे उघडे आणि पूर्ण उघडे, एवढ्या दोन-तीन आकारांवर पात्रे बोलू लागली. म्हणजे एका अर्थी जपानी आवाजसुद्धा चित्रावर मागाहून बसवलेलाच असतो. फरक इतकाच, की तो बसवताना दिग्दर्शक समोर उभा असतो.

आपल्याकडचे उदाहरण तर फार मौजेचे आहे. निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेची १९८९ सालची 'जंगल बुक' मालिका नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीत लागत असे. तिचे हिंदी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांनी दिले आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांनी. किपलिंगची इंग्रजी कथा, भारतातले जंगल, जपानी चित्रे आणि हिंदी आवाज! माझ्या मामाला ती सगळीच्या सगळी आपलीच वाटली. यातले मूळ कुठले आणि उसने कुठले?

तरीही मैत्रिणीचे म्हणणे खोटे नाही. मूळ भाषेत काही गोष्टी अशा असतात, की त्या ओलांडून येत नाहीत. 'युअर नेम' या माकोतो शिंकाई यांच्या २०१६ सालच्या चित्रपटात एका मुलीचा जीव एका मुलाच्या देहात शिरतो. मित्रांशी बोलताना ती सवयीने स्वतःला 'वाताशी' म्हणते. मित्र चमकतात. मग ती 'वाताकुशी', 'बोकू' असे करीत 'ओरे'वर येते, तेव्हा कुठे त्यांचे समाधान होते. या चारही शब्दांचा अर्थ 'मी' एवढाच, पण प्रत्येकाची ऐट निराळी. इंग्रजीत 'आय' हा एकच शब्द, तिथे अनुवादक काय करणार? मराठीत मात्र वाट आहे. 'मी आले' असे बोलून गेलेली मुलगी जीभ चावून 'मी आलो' म्हणाली, की झाले! इंग्रजीला अवघड ते मराठीला सोपे, असेही होऊ शकते.

'स्पिरिटेड अवे'च्या इंग्रजी आवृत्तीत तर मुळात नसलेली वाक्ये घातली आहेत. चिहिरो ही दहा वर्षांची मुलगी पुलावरून एक भव्य इमारत पाहते. जपानी प्रेक्षक पाहताक्षणी ओळखतो, की हे स्नानगृह आहे. परदेशी प्रेक्षकाला ते कळणार नाही, म्हणून इंग्रजीत मुलगी तसे बोलून दाखवते. हे मला रास्त वाटते. पण शेवटी मोटार निघते तेव्हा मुळात शांतता आहे. इंग्रजीत मात्र वडील नव्या घराची, नव्या शाळेची भीती वाटणारच असे म्हणतात, आणि मुलगी सांगते की मला जमेल. ही भर मला नको वाटते.

असो. आमच्या घरी त्या रात्री काय झाले ते सांगते. कार्तिकी पौर्णिमेची यात्रा पंधरा दिवसांवर आली होती. आई नारळ-प्रसादाच्या दुकानासाठी पिशव्या भरीत टीव्हीपुढे बसली. मी जपानी आवाज लावला, खालचे इंग्रजी वाचले आणि मराठीत सांगत गेले. म्हणजे डबिंग मीच केले, तेही अडखळत आणि मागाहून.

युबाबा ही मालकीण चिहिरोला कामावर ठेवते आणि तिच्या नावातली अक्षरे काढून घेते. उरते ते एकच अक्षर. नावात ते 'चि' असे वाचले जाते, एकटे असले की 'सेन'. अर्थ, हजार. हे डबिंगमध्ये येत नाही आणि सबटायटलमध्येही येत नाही. मी समजावून सांगत होते, तेवढ्यात आईचे हात थांबले. ती म्हणाली, "आम्ही ऊसतोडीला जायचो तेव्हा मुकादमाच्या वहीत माझं नाव कुठं होतं? तुझे बाबा नि मी मिळून एक कोयता. तेवढंच." थोड्या वेळाने तिने विचारले, "सापडतं का गं तिला तिचं नाव?"

आईला जपानी येत नाही, इंग्रजी येत नाही, अक्षरेही येत नाहीत. पण त्या प्रसंगाचे मर्म वसतिगृहात आम्हा कुणाला तिच्याइतके कळले नव्हते. शेवटच्या शांततेत मी काही बोलले नाही, आणि आईनेही काही विचारले नाही.

आमच्या कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे. त्यांचा 'परमरहस्य' हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत आहे. आईने तो कधी वाचला नाही. पारायणात बसून ऐकला. ऐकून मिळालेले ते कमी दर्जाचे, असे आमच्या गावात कुणी म्हणत नाही.

सबटायटल हा वाचणाऱ्यांचा मार्ग आहे आणि डबिंग हा ऐकणाऱ्यांचा. ज्याला दोन्ही साधते त्याने मूळ जरूर ऐकावे, तिथली शांतताही ऐकावी. पण घरात सर्वांनाच वाचता येते, असे धरून चालू नये. त्या तबकडीवर जपानी होती, इंग्रजी होती, मराठी नव्हती. भाषा घेऊन बी. ए. करून पुढे काय करणार, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. 'मी आले' आणि 'मी आलो' यांतला फरक जाणणारी माणसे या कामाला लागतात, हे उत्तर मला त्या रात्री सापडले.