दहा क्रमांकाची जर्सी

पनवेलच्या कोणत्याही मोकळ्या पटांगणावर सायंकाळी दृष्टी टाकली, तर निळा सदरा घातलेला एखादा मुलगा हटकून दिसतो आणि त्याच्या पाठीवर १० हा आकडा असतो. बाजारात तसा सदरा थोडक्या पैशांत मिळतो. परंतु सचिन तेंडुलकर यांनी स्वतः अंगावर घालून, त्यात घाम गाळून सामना खेळलेला तसाच सदरा मात्र लोक काचेआड जपून ठेवतात. पुण्याच्या सहकारनगरात २०१२ साली अशा क्रीडावस्तूंचे ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे संग्रहालय सुरू झाले. त्याचे उद्घाटनही तेंडुलकरांच्याच हस्ते झाले. कापड तेच, रंग तोच. मग हा भेद कशामुळे उत्पन्न होतो?

या सदऱ्याला ‘जर्सी’ म्हणतात. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडीत जर्सी नावाचे बेट आहे. तेथील विणलेल्या लोकरी वस्त्रावरून हे नाव रूढ झाले. क्रिकेट हा मुळात शुभ्र पोशाखाचा खेळ. तथापि विजेच्या प्रकाशात सामने होऊ लागले, त्यांकरिता पांढरा चेंडू आला आणि पांढऱ्या कपड्यांपुढे तो दिसेनासा झाला. म्हणून रंगीत पोशाख आला. विश्वचषक स्पर्धेत तो १९९२ साली दिसला, आणि पाठीवरचा क्रमांक १९९९ साली.

त्याच १९९९ च्या मे महिन्यात, स्पर्धा इंग्लंडमध्ये चालू असताना, तेंडुलकरांचे वडील रमेश तेंडुलकर मुंबईत निवर्तले. ते दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते, कवी होते. मुलगा अंत्यविधीसाठी मायदेशी आला. इकडे तो नसताना भारताचा संघ झिंबाब्वेकडून अवघ्या तीन धावांनी हरला. घरी दुःखाचे सावट असतानाही आईने त्यांना परत जाण्यास सांगितले. २३ मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध ते उतरले आणि १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा केल्या. शतक होताच त्यांनी बॅट उंचावून आकाशाकडे पाहिले. त्या दिवशीचा सदरा हा केवळ क्रीडासाहित्याचा भाग राहिला नाही, हे सांगण्यास पंडिताची आवश्यकता नाही.

अशा वस्तूंना मोल आले की नकलाही निघतात. जाणकार मग सदऱ्यावरील गवताचे डाग, झिजलेली शिवण, अक्षरांची किंचित तिरपी बैठक हे सारे सामन्याच्या छायाचित्रांशी ताडून पाहतात. डाग हाच येथे साक्षीदार! आपल्या घरी अशी वस्तू आली, तर कोणी तरी मायेने ती प्रथम धुऊन टाकील आणि अर्धा पुरावा मोरीतून वाहून जाईल. ती खुंटीवर टांगूनही चालत नाही, खांदे ताणले जातात. उन्हाने रंग उडतो आणि आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळी दमटपणात बुरशी धरते. पैठणी मलमलीत गुंडाळून ठेवतात, तशीच काळजी येथेही घ्यावी लागते.

वस्त्राप्रमाणे आकड्यालाही काही ठिकाणी निवृत्ती मिळते. कॅनडातील टोरंटोच्या बर्फावरील हॉकी संघाने जायबंदी झालेल्या एस बेली यांचा ६ हा क्रमांक १९३४ साली राखून ठेवला. त्याच खेळातील वेन ग्रेट्झ्की यांचा ९९ हा क्रमांक तर २००० साली तेथील साखळीतल्या सर्वच संघांनी वर्ज्य केला.

आपल्याकडे असा लेखी नियम नव्हता. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पालघरचे शार्दूल ठाकूर श्रीलंकेत १० क्रमांक घालून पहिला एकदिवसीय सामना खेळले आणि त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. त्यांनी तो आकडा आपल्या जन्मतारखेच्या अंकांची बेरीज करून घेतला होता. त्यात कोणाची अवज्ञा करण्याचा हेतू नव्हता. नवोदित खेळाडूला एवढे बोल लावणे मला तरी योग्य वाटले नाही. नियामक मंडळाने त्यानंतर तो क्रमांक कोणास न देण्याचे अनौपचारिकपणे ठरविले. ठाकूर यांनी पुढे ५४ हा आकडा घेतला आणि तोच पाठीवर घेऊन जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या विजयी कसोटीत ७ बळी घेतले व पहिल्या डावात ६७ धावा केल्या.