संगणकातील हरवलेल्या संचिका : प्रतिबंध व उपाय

कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात शनिवारवाड्यापर्यंत आणण्याची योजना नानासाहेब पेशव्यांच्या काळात, इ. स. १७४९ च्या सुमारास, हाती घेण्यात आली. जमिनीखालील बांधीव नळातून पाणी शहराकडे येई व हौदांतून ते नागरिकांस मिळे. नळ एकच, हौद मात्र अनेक. नळ मध्येच बुजला, तर हौद धड असूनही कोरडा पडावयाचा. शाळेतील संगणकाची गोष्ट काहीशी अशीच आहे.

विंडोज या मूळ कार्यप्रणालीत काही संचिका, म्हणजे फाईली, अशा असतात की त्यांचा उपयोग अनेक प्रोग्राम समाईकपणे करतात. त्यांस डीएलएल असे नाव आहे. पडद्यावर चौकट दाखविणे, छपाईयंत्रास आज्ञा देणे अशी सामान्य कामे प्रत्येक प्रोग्राम स्वतः करीत नाही. तो या संचिकांकडून करवून घेतो. त्यांपैकी एखादी नाहीशी झाली वा बिघडली, म्हणजे ‘अमुक डीएलएल सापडत नाही’ अशी सूचना येते व प्रोग्राम उघडत नाही. निकालपत्रके तयार करण्याच्या दिवसांत ही सूचना आली, तर शिक्षकांची धांदल उडते. घाईने केलेला उपाय मूळ दोषाहूनही घातक ठरतो, तो असा.

न करावयाची गोष्ट. हरवलेल्या संचिकेचे नाव शोधून ती कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावरून उतरवून घेऊ नये. ती वेगळ्या आवृत्तीची असू शकते. तिच्यातून विषाणूही येऊ शकतो.

कारणे. वीज एकाएकी जाणे, अद्ययावतीकरण अर्धवट राहणे, प्रोग्राम रीतसर न काढता त्याची पेटी नुसती पुसून टाकणे, विषाणूचा शिरकाव, विषाणूरोधकाने चुकून संचिका बाजूस ठेवणे आणि जुनी झालेली डिस्क, ही नेहमीची कारणे होत.

उपाय क्रमाने करावेत.

१. सूचनेतील संचिकेचे व प्रोग्रामचे नाव वहीत जसेच्या तसे टिपून घ्यावे. संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. नुकतेच काही पुसले असल्यास रिसायकल बिन पाहावी.

२. दोष एकाच प्रोग्रामपुरता असेल, तर तो प्रोग्राम सेटिंग्जमधून रीतसर काढून निर्मात्याच्या अधिकृत प्रतीवरून पुन्हा बसवावा. बहुधा एवढ्याने काम भागते.

३. अनेक प्रोग्राम अडत असतील, तर कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा. प्रथम ‘डिसम’ ही आज्ञा द्यावी; तिच्यापुढे ‘ऑनलाईन’, ‘क्लीनअप-इमेज’ व ‘रिस्टोअरहेल्थ’ हे शब्द, प्रत्येकाआधी एक जागा सोडून व तिरकी रेघ देऊन, रोमन लिपीत लिहावेत. ही आज्ञा विंडोजजवळील मूळ प्रतींचा साठा दुरुस्त करते. तिला इंटरनेट लागते. नंतर ‘एसएफसी’, एक जागा, तिरकी रेघ व ‘स्कॅननाऊ’ ही आज्ञा द्यावी. ती प्रणालीच्या संचिका तपासून बिघडलेल्यांच्या जागी त्या साठ्यातील चांगल्या प्रती ठेवते. क्रम असा का? साठाच सदोष असेल, तर त्यातून घेतलेली प्रत निर्दोष कशी निघेल?

४. तरीही दोष न गेल्यास ‘सिस्टिम रिस्टोअर’ने आधीच्या तारखेची स्थिती आणता येते, मात्र ती सोय पूर्वी चालू केलेली असावी लागते. आपले लेख व तक्ते तसेच राहतात. त्या तारखेनंतर बसविलेले प्रोग्राम मात्र निघून जातात.

५. दोष वारंवार उद्भवल्यास डिस्क खराब होत असल्याचा संशय घ्यावा, प्रथम सर्व कागदपत्रांची प्रत काढावी व मगच जाणकारास बोलवावे.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष संचिकेमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, असा अंदाज मायक्रोसॉफ्टने दिला. भारतातील काही विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. एका संचिकेचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

प्रतिबंध. संगणक नेहमी रीतसर बंद करावा, शक्य तेथे यूपीएस जोडावा, अद्ययावतीकरण पूर्ण होऊ द्यावे व ‘सिस्टिम ३२’ या पेटीतील काहीही पुसू नये. विद्यार्थ्यांच्या नोंदींची प्रत दर आठवड्यास पेनड्राइव्हवर घेऊन तो संगणकापासून दूर, कुलपात ठेवावा. प्रणाली पुन्हा बसविता येते. परंतु मुलांच्या वर्षभराच्या गुणांची नोंद एकदा गेली, की ती कोणत्याही आज्ञेने परत येत नाही.