मागच्या सीटवरचा मास्तर

शहापूर-मुरबाडकडे गाडी शिकणं म्हणजे बहुतेक वेळा बाईक शिकणं. फार तर ट्रॅक्टर, नाहीतर घरची इको. एल पाटीचा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र चारचाकी असावी, अशी दाट शंका येते. तोच नियम किन्हवलीच्या किंवा सरळगावच्या रस्त्यावर लावायला गेलं की गंमत सुरू होते.

नियम काय म्हणतो

लायसन्सशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवायचं नाही, हे मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 3. शिकणाऱ्याला त्यातून सूट मिळते ती केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 3 मुळे, आणि तीही तीन अटींवर. हातात चालू लर्निंग लायसन्स हवं. सोबत त्या गाडीचं लायसन्स असलेला शिकवणारा हवा, आणि तो गाडीवर ताबा ठेवू शकेल किंवा ती थांबवू शकेल अशा जागी बसलेला हवा. तिसरी अट पाटीची: पुढे आणि मागे, पांढऱ्यावर तांबडा एल.

एल केवढा?

पाटी किमान 18 सेंटीमीटर चौरस. अक्षर किमान 10 सेंटीमीटर उंच, 2 सेंटीमीटर जाड आणि तळाशी 9 सेंटीमीटर रुंद. पोराच्या कंपासपेटीतली पट्टी 15 सेंटीमीटरची असते, म्हणजे ती पाटीच्या एका बाजूलाही पुरत नाही. बाईकची मागची नवी नंबरप्लेट 20 बाय 10 सेंटीमीटरची, पुढची तर जेमतेम साडेचार सेंटीमीटर उंच. म्हणजे गाडीच्या नंबरापेक्षा चालवणाऱ्याचं शिकाऊपण मोठं दिसलं पाहिजे! पुढच्या बाजूला एवढा पुठ्ठा लावायचा कुठे? हेडलाइटवर लावला तर रात्री गाडी आंधळी. म्हणून लोक मडगार्डवर तळहाताएवढं स्टिकर डकवतात, नाहीतर लाल चिकटपट्टीचे दोन तुकडे काटकोनात मारून मोकळे होतात.

पक्कं लायसन्स मिळाल्यावर पाटी काढायची का? नियम 3 मध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे लग्न होऊन पोरं शाळेत गेली तरी एल तसाच असलेल्या गाड्या दिसतात. मागचे जरा जपून अंतर ठेवतात, तो फायदा वेगळाच.

काका मागे, ब्रेक पुढे

खरी मजा बाईकची. पुतण्या पुढे, काका मागे. पायाचा ब्रेक पुतण्याच्या उजव्या पायाखाली, हाताचा त्याच्या उजव्या मुठीत. काकांच्या ताब्यात काय, तर पुतण्याचा खांदा आणि स्वतःचा आवाज. "अरे ब्रेक, ब्रेक मार!" एवढंच त्यांचं नियंत्रण. ‘थांबवता येईल अशी जागा’ बाईकवर कोणती, हे नियम सांगत नाही. विशेष म्हणजे याच नियमावलीतला नियम 24 ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांना शिकवणाऱ्यासाठीही ब्रेक-क्लच बसवायला लावतो आणि त्यातून मोटारसायकल वगळतो. मागून ब्रेक मारता येत नाही, हे सरकारला ठाऊक आहे तर!

शिकवणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला डबल सीट घ्यायचं नाही, अशीही तंबी आहे. त्यामुळे दुधाची किटली चालते, बायको चालत नाही. पण बायकोकडे त्या गाडीचं लायसन्स असेल तर ती कायद्याने मास्तरीण ठरते आणि खुशाल मागे बसू शकते. ड्रायव्हिंग स्कूलच्या शिक्षकाला गाडी चालवण्याचा 5 वर्षांचा अनुभव लागतो. घरच्या मास्तराला अशी अट नाही; काल लायसन्स हातात पडलेला मित्र आज गुरुजी.

ट्रॅक्टर आणि खाचर

कलम 3 लागू होतं ते सार्वजनिक ठिकाणी, म्हणजे लोकांना ये-जा करण्याचा हक्क असलेल्या जागी. भातकापणी झाल्यावर स्वतःच्या रिकाम्या खाचरात पोरगं ट्रॅक्टर फिरवत असेल तर लर्निंग नको, एल नको. बांध ओलांडून डांबरी सडकेवर चाक आलं की सगळं लागू. आणि तिथे मास्तराने बसायचं कुठे? ट्रॅक्टरला सीट एकच. मडगार्डवर बसावं तर कलम 125 आडवं येतं: चालवणाऱ्याला अडचण होईल असं कुणाला बसवायचं नाही.

सोळा वर्षं, पन्नास सीसी

कलम 4 प्रमाणे सोळाव्या वर्षी 50 सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते. 1972 साली कायनेटिकची लुना आली, तेव्हापासून कित्येक वर्षं या वयाला अर्थ होता. आज शोरूममध्ये पेट्रोलवर चालणारी तेवढ्या इंजिनाची गाडी शोधून सापडत नाही. सवलत आहे, गाडी नाही. पोरं मग सरळ घरातली शंभर सीसीची काढतात, आणि तिथे हसण्यासारखं काही उरत नाही: 2019 च्या दुरुस्तीतल्या कलम 199अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड. पळवाट हवीच तर एकच, 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणारी विजेवरची दुचाकी. नियमांत बसणारी असेल तर कायदा तिला मोटार वाहनच मानत नाही.

परीक्षेला जाताना

लर्निंग सहा महिने चालतं. परीक्षा मात्र तीस दिवसांनंतरच. मुरबाडहून कल्याणच्या आरटीओत परीक्षेला स्वतःच्या बाईकवर जायचं, तर लायसन्सवाला मागे हवाच. तिथे आठ काढून पास झालात तरी लायसन्स तयार होईपर्यंत परतीच्या वाटेवर तुम्ही शिकाऊच, मास्तर मागेच.

पाटी नसेल तर

लर्निंग हेही लायसन्सच आहे आणि तेवढ्या कारणावरून विमा कंपनीला हात वर करता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात म्हटलं. पण दंडाचा हिशेब निराळा. सूट अटींवर आहे. काटेकोर वाचलं तर पाटी नसलेला किंवा एकटा निघालेला शिकाऊ म्हणजे विनालायसन्स चालक, आणि त्याचा दंड 5,000 रुपये. तेव्हा पुठ्ठा 18 सेंटीमीटरचाच कापा, आणि दोन कापा. मागच्या पाटीबरोबर पुढचीही लागते.